घरी भेटण्याची वेळ

३ तारीख, सोमवार

काल मतदान झालं. म्हणजे इतरांचं झालं, आमचं राहिलं.

शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही दोनएकशे माणसं रांगेत होतो. मतदानाची वेळ सहापर्यंत. ठाण्याचा फौजदार आला आणि त्याने फाटकाला कुलूप घातलं. म्हणे वेळ संपली. माझ्या घड्याळात पाच सतरा झाले होते, शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळातही पाच सतराच. रांगेतून कोणीतरी नियम सांगितला, की सहाच्या आत जो रांगेत लागला त्याचं मत घ्यावंच लागतं, मग भले आठ वाजोत. त्यावर फौजदाराचं डोकं फिरलं आणि काठ्या सुरू झाल्या. पाच मिनिटांत रांग साफ.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या उजव्या हातावर काठी बसली, तीन बोटं मोडली. आमची ही रुग्णालयात परिचारिका होती, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तिने हात पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की कात्री धरायला वर्ष लागेल, धरता आली तर. इतका राग आला आहे की अक्षर वाकडं येतंय.

ही सकाळी आठलाच मत देऊन आली होती. मला म्हणाली होती, बरोबर चला. मी म्हटलं, दुपारनंतर गर्दी कमी असते. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक सांभाळली, गर्दी केव्हा असते ते मला कोणी शिकवू नये. आता ती त्यावर काही बोलत नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

५ तारीख, बुधवार

निकाल लागला. एकसष्ट मतांनी फैसला. आमच्या एका रांगेत दोनशे माणसं होती! कोण निवडून आलं याच्याशी मला देणंघेणं नाही, सगळे एकाच माळेचे मणी. पण माझं मत कुलपाबाहेर राहिलं, हे मला सहन होत नाही.

दुसरी बातमी याहून वाईट. ठाण्याने गुन्हा नोंदवला, तोही शिंप्यावर. फौजदाराशी हुज्जत घातली, जमावाला चिथावणी दिली, सरकारी कामात अडथळा आणला. शाबीत झालं तर एक वर्ष आत. चोर तो चोर वर शिरजोर. गिऱ्हाइकाला 'तुमचं पोट सुटलंय' एवढंही तोंडावर न सांगता गुपचूप कापड वाढवून देणारा हा माणूस, तो हुज्जत घालणार! हिला मी हे सांगत होतो तर ती भाजी निवडत म्हणाली, "मग घातली कोणी?"

मी म्हटलं, दोनशे माणसांत कसं कळणार.

८ तारीख, शनिवार

मास्तरांच्या घरी सभा. मास्तर म्हणजे आमच्या भागातले निवृत्त गणिताचे शिक्षक, कुठल्याही सभेचे जन्मजात अध्यक्ष. नागरिक समिती स्थापन झाली. मागण्या दोन: आमच्या केंद्रावर फेरमतदान, आणि फौजदाराची चौकशी करून शिंप्यावरचा गुन्हा मागे घेणं. एवढ्या दोन ओळी लिहायला दोन तास दहा मिनिटं लागली. 'मागणी' म्हणायचं की 'नम्र विनंती', यावर मास्तर आणि बेकरीवाला हमरीतुमरीवर आले. बेकरीवाल्याने 'धिक्कार' हा शब्द तीनदा सुचवला. शिंपी कोपऱ्यात हात गळ्यात बांधून बसला होता, त्याला कोणी विचारलं नाही.

कामाचं बोलली ती एकटी वकीलबाई. पोरगी तिशीचीही नसेल, पण डोकं ठिकाणावर आहे. जिल्ह्याहून चौकशी अधिकारी नेमला आहे, त्याच्यापुढे पुढच्या महिन्याच्या चार तारखेला सुनावणी. रांगेतल्या माणसांनी नावानिशी जबाब दिले, की कुलूप पाच सतराला लागलं आणि शिंपी एक शब्द बोलला नाही, तर फेरमतदानाचंही जमेल आणि गुन्हाही टिकणार नाही. ती पुढे म्हणाली, "जो बोलला तो स्वतः पुढे आला, तर मग बाकी काही लागणारच नाही. नियमच सांगितला होता त्याने, शिवी तर नाही दिली."

तेवढ्यात चहा आला.

चिटणीस म्हणून माझं नाव सर्वानुमते मंजूर. कारण अक्षर चांगलं. आयुष्यभर याच कारणासाठी मी मरत आलो आहे.

१२ तारीख, बुधवार

चार दिवस जिने चढतोय-उतरतोय. एकेचाळीस जबाब झाले. दोनशेतले एकेचाळीस. बाकीच्यांना त्या दिवशी नेमकं पोटात दुखत होतं, नाहीतर चष्मा घरी राहिला होता. एक गृहस्थ तर म्हणाले, मी रांगेत उभा होतो पण मतदानासाठी नव्हे. मग कशासाठी उभा होतास बाबा, शाळेत नाव घालायला?

लोकांच्या भित्रेपणाची मला चीड येते. फक्त खरं सांगायचं, त्याला काय लागतं.

जबाब गोळा करून नुसते टाचणीने लावणं माझ्या स्वभावात नाही. वर एक तक्ता केला. अनुक्रमांक, नाव, घर क्रमांक, गल्ली, व्यवसाय, आणि शेवटचा रकाना: घरी भेटण्याची वेळ. चौकशी अधिकाऱ्याला कोणाला भेटायचं झालं तर त्याची खेप फुकट जायला नको. असा तक्ता आमच्या खात्यात कोणाला सुचला नसता. हिला दाखवला. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "तुमचा जबाब कितवा?"

मी तिला समजावलं, की जो फाइल तयार करतो त्याने स्वतःचं नाव तिच्यात घालायचं नसतं. ते शिष्टसंमत नाही. ती बरं म्हणाली. तिचं 'बरं' मला कधीच बरं वाटत नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आज जबाब दाखल केले. त्यावरून वकीलबाईशी खटका उडाला.

तिचं म्हणणं, कागद थेट जिल्ह्याला, चौकशी अधिकाऱ्याच्या हातात द्यायचे. मी म्हटलं, बाळ, तू कायदा शिकलीस, कचेरी शिकली नाहीस. खालच्या कार्यालयामार्फत न आलेले अर्ज मी स्वतः चौतीस वर्षं परत पाठवले आहेत, 'योग्य मार्गाने यावे' असा लाल शेरा मारून. ठाण्याबद्दलचा कागद ठाण्यामार्फतच गेला पाहिजे. ती म्हणाली, "काका, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात?" मी म्हटलं, हातात नव्हे, मार्फत. मास्तरांनी माझी बाजू घेतली. त्यांना शिस्त आवडते.

ठाण्यात ठाणे अंमलदार फारच सभ्य निघाला. बसा म्हणाला, पाणी दिलं, पानं मोजून घेतली, माझ्या स्थळप्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक दिला. तक्ता बघून तर खूशच झाला. असे कागद रोज आले तर आमचं काम किती सोपं होईल, म्हणाला. तेवढ्यात फौजदार बाहेरून आत आला. मी उठून उभा राहिलो, का कोण जाणे. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आपण कुठे भेटलोय का?" मी म्हटलं, पाण्याच्या बिलाच्या खिडकीवर भेटलो असू. छातीत धडधडत होतं. जिन्यांची चढउतार जास्त झाली या आठवड्यात.

१८ तारीख, मंगळवार

पोलीस कामाला लागले म्हणायचे! एक शिपाई आमच्या भागात घरोघरी फिरतोय, जबाब देणाऱ्यांना भेटतोय. आणि वक्तशीर इतका, की बेकरीवाल्याकडे चारला, भट्टी निवल्यावर, दळणवाल्याच्या बायकोकडे नवरा बाहेर गेल्यावर अकराला. कोणाचीही चुकामूक नाही. मी मास्तरांना म्हटलं, दबाव आणला की यंत्रणा हलते. उगाच नावं ठेवतो आपण.

आमच्याकडे कोणी आलं नाही. माझं वागणं नियमाला धरून असतं, त्याचा दरारा असतो.

२१ तारीख, शुक्रवार

काय चाललंय कळत नाही. आज सात जणांनी जबाब मागे घेतले. 'सदर दिवशी मी रांगेत हजर नव्हतो, गैरसमजातून सही केली.' सातही कागदांवर हेच वाक्य, एकाच टंकलेखन यंत्रावरचं. सातजणांचा एकच गैरसमज! निदान शब्द तरी वेगळे वापरा.

दळणवाल्याच्या घरी गेलो. दार किलकिलं करून त्याच्या बायकोने सांगितलं, की मुलीच्या नोकरीची पोलीस पडताळणी व्हायची आहे. आणि दार लावलं. मी जिन्यात उभा राहून बराच वेळ बंद दारालाच नागरिकशास्त्र शिकवत होतो.

२४ तारीख, सोमवार

एकोणतीस गेले. मास्तरसुद्धा! निवृत्तिवेतनाच्या कागदात काहीतरी त्रुटी निघाली आहे म्हणे, अठरा वर्षांनी. अध्यक्षच शेपूट घालतो तर बाकीच्यांना काय बोलायचं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी त्यांना तोंडावर भित्रे म्हणालो. ते चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "तुमच्याकडे कोणी आलं नाही ना, म्हणून सुचतंय."

आलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. म्हणजे असेल.

२५ तारीख, मंगळवार

बेकरीवाला सगळ्यांत शेवटपर्यंत टिकेल असं वाटलं होतं, 'धिक्कार'वाला. त्यानेही मागे घेतला. मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला वाट्टेल ते बोललो. त्याने गिऱ्हाईक संपेपर्यंत ऐकून घेतलं, मग हात पुसत बाहेर आला.

"भाऊसाहेब, शिपाई आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता. तुमच्या अक्षरात. माझ्या नावापुढे 'चार ते पाच, भट्टी निवल्यावर' लिहिलेलं. तुम्हीच दिलेलं दिसतंय."

घरी आलो. स्थळप्रत काढून पाहिली. चार ते पाच, भट्टी निवल्यावर. अकरा ते बारा, पती बाहेर गेल्यावर. सायंकाळी सहानंतर, आई एकटी असते. एकेचाळीस घरं, गल्लीवार लावलेली, म्हणजे शिपायाला उलटसुलट चालायलाही लागू नये.

हिला दाखवलं. ती म्हणाली, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात. आणि मग, बहुधा माझा चेहरा पाहून, पाठीवर हात ठेवला. तिने ओरडायला हवं होतं.

२७ तारीख, गुरुवार

अंथरुणातच. ताप नाही. हिने दोनदा बघितलं.

इतके दिवस मी ज्यांना ज्यांना भित्रं म्हटलं त्यांची यादी मनात करत होतो. यादी करायची खोड काही जात नाही. एकोणचाळीस नावं झाली, आणि पुढे मन जाईना. वकीलबाई येऊन गेली. मला वाटलं ऐकवेल. तिने एवढंच सांगितलं, की दोन जबाब शिल्लक आहेत, दोघंही रांगेच्या शेपटाला होते, पुढे काय झालं त्यांना दिसलं नाही. कुलपाची वेळ ते सांगतील, पण शिंप्याचं कठीण आहे. त्याला लेखी माफी मागायला सांगावं लागेल. मागितली तर समज देऊन सोडतील कदाचित, पण मग फौजदाराचं म्हणणं खरं ठरतं आणि फेरमतदान गेलं.

३० तारीख, रविवार

शिंप्याच्या दुकानात गेलो. इतके दिवस पायरीवरूनच विचारपूस करत होतो.

कात्री त्याच्या बायकोच्या हातात होती. तो डाव्या हाताने खडूची रेघ मारतोय, ती रेघेवरून कापतेय, तो म्हणतोय सावकाश, कापड आपल्याकडे ओढू नकोस. रेघ अशी वाकडी, की बघवेना. माफीचा मसुदा मशीनवर ठेवला होता, कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली. मी म्हटलं, तुम्ही बोलला नव्हता हे सिद्ध करायला माझ्यामुळे माणूस उरला नाही, मला क्षमा करा.

त्याने बायकोला चहा आणायला आत पाठवलं.

"मी बोललो नाही, हे मला माहीत आहे. बोलला त्यालाही माहीत आहे. ठाण्यात मला चार वेळा विचारलं, की तू नाहीस तर कोण. मी म्हटलं, मला मागचं दिसत नव्हतं."

मी विचारलं, असं का सांगितलंत. तो खडू हातावर घासत होता.

"आपण कोणाचं नाव घेणं वेगळं, भाऊसाहेब, आणि त्याने स्वतः येणं वेगळं. मी वाट बघत होतो. आता चारच दिवस राहिलेत, म्हणून हा कागद."

चहा न घेताच वर आलो.

आता लिहितो, नाहीतर कधीच लिहिणार नाही. या वहीतसुद्धा मी 'कोणीतरी' लिहिलं आहे. दोनशे माणसांत कसं कळणार, असंही लिहिलं आहे. नियम मी सांगितला. खणखणीत आवाजात, कलमासकट, खात्यात शेरा वाचून दाखवावा तसा. शिंप्याच्या खांद्यावरून बोललो. फौजदाराने काठी उगारली ती माझ्यावर. मी खाली वाकलो आणि शिंप्याने हात वर केला. मला वाचवायला केला की स्वतःला, ते मी त्याला विचारलेलं नाही. विचारायची छाती नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. या अख्ख्या भागात कलम पाठ असलेला दुसरा कोण आहे?"

मग एवढे दिवस बोलली का नाहीस, म्हणून मी तिच्यावरच चिडलो. तेवढी लाज अजून यायची आहे.

४ तारीख, गुरुवार

सुनावणी झाली. सगळं नीट लिहून ठेवतो.

खोली लहान, पंखा बंद. टेबलामागे चौकशी अधिकारी, बाजूला टंकलेखक, आणि भिंतीशी खुर्चीवर खुद्द फौजदार, पायावर पाय टाकून. ज्याची चौकशी तोच ऐकायला बसलेला. वकीलबाईने हरकत घेतली, अधिकाऱ्याने नोंद केली, फौजदार बसलेलाच राहिला.

माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. अर्धा तास तर मला ऐकायचं की नाही यावर गेला. मग उभा राहिलो. येताना चार पानी निवेदन लिहून नेलं होतं, अनुक्रमांक घालून. खिशातून काढलं, घडी उघडली, आणि परत ठेवून दिलं. तोंडाने सांगितलं, की बोललो तो मी, काठी माझ्यावर होती, लागली त्याला, आणि तेव्हा घड्याळात पाच सतरा झाले होते.

अधिकाऱ्याने विचारलं, बत्तीस दिवस गप्प का होतात.

माझ्याकडे कचेरीच्या भाषेतली दहा उत्तरं होती. प्रकृतिअस्वास्थ्य. अपरिहार्य कारण.

"भीती वाटली."

"कोणाची?"

मी भिंतीकडे हात केला. "ह्यांची." फौजदाराने पायावरचा पाय खाली घेतला.

टंकलेखकाने कागद सहीला पुढे केला. त्यात लिहिलं होतं, 'विलंबाचे समाधानकारक कारण साक्षीदार देऊ शकला नाही.' मी सही करायला नकार दिला. म्हटलं, कारण मी दिलं आहे, ते लिहा. अधिकारी म्हणाला, भीती वाटली असं जबाबात घालता येत नाही. मी म्हटलं, मग माझी सही मिळणार नाही, आणि बिनसहीच्या कागदाला काय किंमत असते ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. वीस मिनिटं घोडं तिथेच अडलं होतं. शेवटी त्याने टंकलेखकाला मान हलवली. 'मला फौजदारांची भीती वाटत होती.' तीनदा वाचलं, मग सही केली.

अधिकाऱ्याने आधीच बजावलं होतं, की याचा अर्थ चिथावणीचा आरोप आता माझ्यावर येईल. मी म्हटलं, येऊ दे.

७ तारीख, रविवार

आला. शिंप्याचं नाव गुन्ह्यातून वगळलं, माझं घातलं. चौसष्टाव्या वर्षी मी आरोपी. मी वकीलपत्रावर सही करताना हिने मला चष्मा शोधून दिला आणि अक्षर नीट काढा म्हणाली.

फेरमतदानाचा निर्णय राखून ठेवला आहे. राखून म्हणजे कुठे आणि कधीपर्यंत, हे कोणी सांगत नाही. फौजदाराची बदली नाही, निलंबन नाही, सकाळी चौकात उभा होता. मास्तरांनी पुन्हा सभा बोलावली आहे, विषय: समितीचं नाव बदलणं. डोकं आपटायला भिंत पुरायची नाही.

वकीलबाई माझ्या खटल्याचे कागद घेऊन आली होती. साक्षीदारांचा रकाना रिकामा होता. मी म्हटलं, राहू दे रिकामा, आता कोणाच्या दारात जायला मला तोंड नाही.

आम्ही हे बोलत होतो तेवढ्यात शिंपी जिना चढून वर आला. त्याला मी बोलावलं नव्हतं, कोणीच बोलावलं नव्हतं. उभ्याउभ्याच वकीलबाईला म्हणाला, "माझं नाव घाला. मी ह्यांच्या पुढेच होतो." डाव्या हाताने सही केली, मोठी, लहान मुलासारखी, रकान्याच्या बाहेर जाणारी. मग शर्ट कापायला बायको खाली थांबली आहे, म्हणून लगेच गेला.

मला बत्तीस दिवस लागले होते. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.